सावडीच्या लाह्या

प्रेरणा ओव्हाळ भांडखोर आहे, असं तिच्या कॉलेजात कुणालाही विचारा, सांगेल. वर्गातली पोरं सांगतील, कँटीनवाला सांगेल, आणि तिची आई नंदाबाई तर न विचारताच सांगेल. "जन्मली तवाच मुठी आवळून आलती," असं नंदाबाई येईल त्या पाहुण्याला ऐकवते. ऐकवताना तिच्या तोंडावर तक्रार कमी आणि कौतुकच जास्त असतं, हे पाहुण्याच्याही लक्षात येतं.

तसं पाहिलं तर बिनकामाची भांडणं ही पोरगी करत नाही. तिचा बाप हनुमंत तुंगार्लीच्या तळ्याजवळ एका मुंबईकराच्या बंगल्याची राखण करतो. एकदा सुट्टीला आलेल्या पाहुण्यांनी उष्टावलेल्या पिझ्झ्याचा डबा हनुमंतच्या हातात दिला, "बच्चों को दे देना." आठवीतल्या प्रेरणानं तो डबा उचलला, सगळ्यांच्या देखत परत टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हणाली, "आमच्याकडे स्वयंपाक झालाय." हनुमंतची नोकरी त्या दिवशी गेल्यातच जमा होती, मालकाला दुसरा माणूस मिळेना म्हणून राहिली. घरी येऊन बापानं कपाळ धरलं. पोरगी म्हणाली, "माझं चुकलं का सांगा." आता चुकलं असतं तर सांगितलं असतं की! बाप मुकाट्यानं हातपाय धुवायला गेला.

ओव्हाळांचं घर मळवली स्टेशनापलीकडे, भातखाचरांच्या कडेला, बौद्धवस्तीत. गाव तिथून हाकेच्या अंतरावर. गावात हुलावळ्यांची घरं मोठी, जमिनी त्यांच्या, आणि वस्तीतल्या बायका पिढ्यानपिढ्या त्यांच्या खाचरांत लावणीला, कापणीला जात आलेल्या, मजुरीवर. याच हुलावळ्यांची राजेश्वरी प्रेरणाच्या वर्गात होती. लोणावळ्याचं कॉलेज, मॅनेजमेंटचं शेवटचं वर्ष. शाळेत असताना दोघी एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलायच्या. कॉलेजात अख्ख्या वर्गात मळवलीच्या दोघीच निघाल्या, तेव्हा आपोआप एका बाकावर आल्या. तिसरा अमृत. तो घोरावाडीहून यायचा, चित्रं छान काढायचा आणि भांडणाला जाम घाबरायचा. प्रेरणाच्या गटात तो कसा सापडला, हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

तर त्या वर्षी सारिका मॅडमनी प्रोजेक्ट दिलं. एक खाऊ तयार करायचा. त्याचं पाकीट, जाहिरात, विक्री, सगळं मुलांनीच करायचं. अट एकच, माल एथिकल पाहिजे. "म्हणजे काय," मॅडम म्हणाल्या, "ज्यानं पिकवलं आणि ज्यानं बनवलं, त्याचं त्याला मिळालं पाहिजे." मॅडमनी हे फळ्यावर लिहिलं, मुलांनी उतरवून घेतलं. वर्गातली एक पोरगी ते खरंच मनावर घेऊन बसणार आहे, याची मॅडमना बिचाऱ्यांना काय कल्पना! जो गट पहिला येईल त्याचा खाऊ बाजारातल्या एका मोठ्या चिक्कीच्या दुकानात सबंध सीझनभर काउंटरवर राहणार होता. त्या दुकानाचे शेठ याच कॉलेजातून शिकून गेलेले, बक्षीस त्यांचंच.

बाकीचे गट ओट्सच्या मागं लागले. प्रेरणा म्हणाली, "लाह्यांची वडी करू. साळीच्या लाह्या, गूळ, बस."

"लोणावळ्यात राहून चिक्कीशी कोण पंगा घेणार?" अमृत म्हणाला.

"मी," प्रेरणा म्हणाली.

पहिला घाणा ऐन ऑगस्टात काढला, तो पार फसला. लोणावळ्याची हवा ती, उघड्यावर काडेपेटी टिकत नाही तिथं लाही काय टिकणार? दुपारी कुरकुरीत असलेली वडी मॅडमच्या टेबलावर जाईपर्यंत सादळून चामट झाली. वर्ग खो खो हसला. प्रेरणाला रडू आलं, आणि रडू आलं याचाच तिला जास्त राग आला. मग दिवाळीनंतर नव्या भातावरच करायचं ठरलं. राजेश्वरीच्या घरी थोडं जुन्या वाणाचं उंच भात अजून लावत होते, घरच्या खाण्यापुरतं. त्याची लाही टपोरी फुटते. आणि लाह्या फोडाव्यात तर नंदाबाईनंच. तापलेल्या वाळूत साळ टाकून ती असा काही हात फिरवायची की कढईत टिपूर चांदणं पडल्यागत दिसायचं.

फोडणं सोपं. पुढचं काम किचकट. लाहीला चिकटलेली तुसं एकेक करून काढायची, पाखडायची, पुन्हा निवडायची. त्याला पुष्कळ हात लागतात. राजेश्वरीची आई सरूबाई मोकळ्या मनानं म्हणाली, "वस्तीतल्या बाया बोलवा, मजुरी देऊ की." गोष्ट सरळ होती. आणि इथंच प्रेरणाचं डोकं फिरलं.

"मजुरी दिली की साळ हुलावळ्यांची, लाह्याही हुलावळ्यांच्या, आणि तू कामाला," ती आईला म्हणाली. "ते नको. सावड करायची."

नंदाबाईच्या हातातली पळी तिथंच थांबली.

सावड म्हणजे काय, ते मावळात शेंबड्या पोरालाही कळतं. आज मी तुझ्या खाचरात उतरले, उद्या तू माझ्या. संध्याकाळी काम उरकलं की ज्या घरचं काम असेल तिथली बाई सगळ्यांच्या देखत नावं घेते, आज अमकीचा दिवस, आज तमकीचा दिवस. नाव घेतलं की तो दिवस अंगावर आला, तो फेडायचा. नाव घ्यायचं टाळलं तर दिवस बुडवला, आणि बुडवणारीच्या दारात पुन्हा कुणी पाऊल टाकत नाही. पण हे सगळं बरोबरीच्या माणसांत. मजूर बाई संध्याकाळी आपल्या घरी जाते, विषय संपला. सावडीच्या बाईच्या दारात मात्र तुम्हाला जाऊन बसावं लागतं, तिच्या हातचा चहा घ्यावा लागतो. म्हणून हुलावळ्यांची आणि वस्तीची सावड आजवर कधी झाली नव्हती. कुणी मनाई केली होती म्हणाल, तर तसंही नव्हतं. होत नव्हती, बस.

"गावाशी वाकडं कशाला घेती गं?" नंदाबाई म्हणाली. "मजुरी देत्यात, गोड बोलत्यात. लय झालं."

"तुला लय झालं असेल. मला नाही झालं," असं म्हणून प्रेरणा तरातरा हुलावळ्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. सरूबाई तांदूळ पाखडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुजी आय म्हनली का आसं?"

"नाही काकू. मी म्हणते."

"व्हय, तुज्याबिगर कोन म्हननार!" सरूबाई म्हणाली आणि पुन्हा सुपाकडे वळली. होय म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. प्रेरणा परत आली. वर कितीही ताठ चालली तरी आत पोरगी घाबरली होती, ते कबूल केलं पाहिजे.

ठरल्या दिवशी वस्तीतल्या बायका ओव्हाळांच्या ओट्यासमोर जमल्या. लाह्यांचा ढीग पडला. आणि काखेत स्वतःचं सूप मारून सरूबाई हुलावळे आली. बायकांची कुजबुज बंद झाली. नंदाबाईला तिला कुठं बसवावं कळेना; ती पदरानं ओटा पुसायला लागली. सरूबाई ओट्याकडे न बघता खाली पोत्यावर, बायकांच्यात बसली आणि लाह्या निवडायला लागली. चहा आला. तिनं कप घेतला, जरासा हातात धरून ठेवला. वस्तीतली म्हातारी अंबूबाई, जिच्या जिभेला कुणी लगाम घातला नाही, तिनं विचारलं, "काय गं सरू, साकर कमी पडली का?"

"बगते की," सरूबाई म्हणाली आणि प्याली. "बरी हाय." मग मात्र सगळ्याच हसल्या, आणि जी बडबड सुरू झाली ती दिवस मावळेपर्यंत.

संध्याकाळी नावं घ्यायची पाळी नंदाबाईची. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं वस्तीतल्या बायकांची नावं भराभर घेतली, मग अडखळली, आणि म्हणाली, "आज सरूबाई हुलावळ्यांचा दिवस." आवाज कापरा होता. प्रेरणाला त्या क्षणी आईला कडकडून मिठी मारावीशी वाटली. पण तशी त्यांच्या घरात पद्धत नाही, म्हणून ती उगाच सुपं आवरत बसली.

उरलेल्या लाह्या निवडायला फिरती सावड हुलावळ्यांच्या अंगणात झाली. तिथं सरूबाईनं खणखणीत आवाजात नावं घेतली. नंदाबाई ओव्हाळांचा दिवस, अंबूबाईचा दिवस, अनिताचा दिवस. तिचा नवरा सोपान आत टीव्ही बघत होता. त्यानं आवाज थोडा मोठा केला.

खाऊचं नाव काय ठेवायचं, यावर मग चर्चाच झाली नाही. सावड. अमृतनं भातखाचरांसारख्या हिरव्या चौकटी काढून देखणं पाकीट केलं. मागच्या बाजूला प्रेरणानं लिहिलं : साळ अमक्यांची, लाह्या तमक्यांच्या, सावडीला कोण कोण होतं, सगळ्यांची पुरती नावं. खाली पत्ता, बौद्धवस्ती, गाव, स्टेशन मळवली.

प्रदर्शनाआधी शेठ एकदा कॉलेजात येऊन सगळ्यांचा माल चाखून गेले. ओट्सचे तुकडे त्यांनी सौजन्यानं खाल्ले. लाह्यांच्या वडीचा एक घास घेतला आणि लगेच दुसरी उचलली. "वा! हे खपेल," ते म्हणाले. "मुंबईची पार्टी वेडी होईल." मग त्यांनी पाकीट उलटं केलं, चष्मा लावला आणि वाचलं.

"हे एवढं सगळं कशाला? गिऱ्हाईक काही इतकं वाचत नाही."

"मग राहू द्या की. वाचत नाही तर अडत कुठं आहे?" प्रेरणा म्हणाली.

"तसं नाही बाळ. कुणी वाचलं तर..."

"वाचलं तर काय?"

शेठ हसले. फार सभ्य माणूस, आवाज चढवणारा नव्हेच. ते म्हणाले, खायची वस्तू आहे, लोकांचं काही सांगता येत नाही, मी स्वतः असलं काही मानत नाही हं, पण धंदा आहे. आता ही एक गंमतच आहे. असलं काही न मानणारी माणसं या मुलुखात इतकी आहेत, इतकी आहेत, की मग मानणारे राहतात तरी कुठं, ते एकदा कुणीतरी दाखवावं! शेठनी तोडगाही काढला. पुढं नऊवारीतल्या एका बाईचा फोटो, 'मावळच्या मावशींच्या हातचं'. मागं हवं तर 'हुलावळे फार्म'. बाकी सगळं पुसायचं. हे केलं की बक्षीस तुमचंच म्हणून समजा.

शेठ गेल्यावर मॅडमनी प्रेरणाला बाजूला घेतलं. "थोडं जुळवून घे गं. पुढं नोकरीला उपयोग होईल."

"मॅडम, ज्यानं बनवलं त्याचं त्याला मिळालं पाहिजे, असं तुम्हीच लिहिलं होतं."

"मिळणारच आहे की. पैसे मिळतील ना त्यांना!"

प्रेरणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मॅडमच्या डोळ्यांत खरंच काळजी होती, आणि काळजी करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. ती तशीच घरी आली आणि सगळा राग आईवर काढला, कारण नंदाबाई सगळं ऐकून म्हणाली, "मग काढ की नावं. नाव नसलं म्हनून लाही फुटायची ऱ्हाती का? तुजा पहिला नंबर जाईल."

"तुला लाज वाटते का आपल्या नावाची?"

बोलून गेली आणि जीभ चावली. नंदाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "लाज न्हाई वाटत," ती म्हणाली. "भ्या वाटतं. पाकीट गावोगाव जानार. कोन काय बोलंल, कोन फेकून दील. आपल्या दारात कोन बोललं तर मी बगून घीन. तितं दुकानात माज्या नावाकडं बगून कुनी नाक मुरडलं, तर मी तितं असनार हाय का?"

एवढी तोंडाळ पोरगी, पण आईच्या शेजारी चुलीपुढं जाऊन बसली. आईचं भय तिला पहिल्यांदाच इतकं उघडं दिसलं होतं.

तिकडं हुलावळ्यांच्या घरी सोपानराव खूश. "हुलावळे फार्म! झ्याक दिसतंय की." खरं सांगायचं तर राजेश्वरीलाही ते नाव दिसायला बरं वाटलं होतं. सरूबाईनं भाकरी थापता थापता विचारलं, "आन् बाकीच्या बाया?"

"त्यांची नावं काढायचीत म्हणे," राजेश्वरी म्हणाली.

"मंग जमायचं न्हाई. अंगनात उभं ऱ्हाऊन म्या त्यांची नावं घेतली. आता ती पुसली तर दिवस बुडवला की म्या! उद्या कंच्या तोंडानं कुनाच्या दारात जाऊ?"

"पाकिटाचा आन् त्याचा काय संबंध?" सोपानराव म्हणाले.

"पाकिटाचं नाव काय हाय?" सरूबाईनं विचारलं. सोपानरावांनी पाकीट उलटसुलट केलं आणि ठेवून दिलं. राजेश्वरीनं लगेच प्रेरणाला फोन लावला, "आमचं एकटं नाव नको. आई म्हणते." थोडं थांबून म्हणाली, "मी पण म्हणते."

प्रदर्शनाच्या दिवशी कॉलेजचा हॉल फुलून गेला. पालकांना बोलावणं होतं. नंदाबाई आली ती जयंतीला नेसायची पांढरी, निळ्या काठाची साडी नेसून; सरूबाई तिच्याबरोबर. शेठनी आपल्या खर्चानं नवी पाकिटं छापून पाठवली होती, फोटोची जागा कोरी सोडून. अमृत तो गठ्ठा हातात धरून उभा होता. "काय करू?" त्यानं विचारलं. घाम फुटला होता त्याला.

"टेबलाखाली ठेव," प्रेरणा म्हणाली.

अमृतनं गठ्ठा टेबलाखाली सरकवला, आणि नावांची पाकिटं स्वतःच वर मांडायला लागला.

शेठ आले, मागं फोटोग्राफर, बरोबर चार पाहुणे. टेबलावरच्या पाकिटांकडे त्यांचं लक्षच गेलं नाही, कारण त्यांना नंदाबाई दिसली. उन्हानं रापलेला चेहरा, कपाळावरच्या रेघा, ताठ मान. ते हरखलेच. "या का त्या? अगदी अस्सल! मावशी, एक काम करा." फोटोग्राफरनं पिशवीतून जरीची नऊवारी काढली, एक पितळी घागर काढली. "हे जरा नेसा, घागर अशी कमरेवर घ्या. पाकिटावर तुमचाच फोटो छापू. सगळ्या महाराष्ट्रात जाल!"

प्रेरणा उसळली. तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात नंदाबाईनं तिचा दंड धरला. "थांब. तुजं रोजचंच हाय. आज मला बोलू दे."

तिनं नऊवारीचा पदर बोटांत धरून पाहिला. "फोटू माजा छापनार?"

"हो तर!"

"खाली नाव?"

"नाव कशाला? मावळच्या मावशी. ऐकायला किती गोड वाटतं."

"म्हंजी हात माजे चालत्यात," नंदाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज या खेपेला कापला नाही, "तोंड माजं चालतं. नाव तेवढं चालत न्हाई."

ओट्सवाली पोरं मान उंच करून बघायला लागली. शेठ गोरेमोरे झाले. "गैरसमज होतोय मावशी. मी तसलं काही..."

"मी तुमची मावशी न्हाई." तिनं नऊवारीची नीट घडी घातली, घागरीवर ठेवली आणि दोन्ही फोटोग्राफरच्या हवाली केलं. मग टेबलावरचं एक पाकीट घेतलं, उलटं केलं आणि शेठच्या हातात दिलं. "मला नाव हाय. हितं लिवलंय. हिचं, सरूबाईचं बी लिवलंय, वस्तीचं बी लिवलंय. वाचा. मोठ्यानं वाचा."

"प्रेरणा, समजाव गं आईंना," मॅडम घाईघाईनं म्हणाल्या.

"त्यांना समजलंय, मॅडम," प्रेरणा म्हणाली. तिनं डोळे पुसले, आणि ते कुणाला दिसलं तरी तिला चालणार होतं.

शेठनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पाहुण्यांकडे पाहिलं. "बघू, नंतर निवांत वाचतो," ते म्हणाले आणि पाकीट खाली ठेवायला लागले.

"नंतर कशाला?" नंदाबाईनं पाहुण्यांसाठी मांडलेली एक खुर्ची पुढं ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. दुसरी ओढून सरूबाई बसली. "वाचा निवांत. आमी हितंच बसलोय."